दूध पुरत नाही, हे ठरवतं कोण?

बाळंतिणीच्या खाटेशी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक निकाल लागतो. बाळ किरकिरत असतं, आईला टाक्यांमुळे धड बसवत नसतं, आणि भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी बोलून जातं, “तिले दूधच येत नही.” साक्री-शिरपूरकडे हे अहिराणीत निघतं, जळगावच्या नर्सिंग होममध्ये पुस्तकी मराठीत, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत हिंदीतही. संध्याकाळपर्यंत मेडिकलमधून दूध-पावडरीचा डबा येतो. ज्या बाईविषयी निकाल लागला, तिला कुणी काही विचारलेलं नसतं. चार दिवसांनी तीच स्वतः सांगायला लागते, “मला दूधच नाही हो.”

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह असतो. आपल्या खान्देशात तो श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आगेमागे येतो. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्याच्या हॉलमध्ये लेकुरवाळ्या बायांना सतरंजीवर बसवतात, फलक लावतात, आणि पाहुणे त्यांना त्यांचे गैरसमज सांगतात. चीक फेकू नका, वरचं पाजू नका, बाटली वापरू नका. सांगतात त्यातला शब्द न् शब्द खरा असतो. माझा आक्षेप आहे तो श्रोत्यांच्या निवडीवर. ज्यांच्या हातात काही ठरवण्याची सोय नाही, त्या बायांना दरवर्षी तेच ऐकवलं जातं. जे ठरवतात ते व्यासपीठावर तरी असतात किंवा घरी तरी.

आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची चौथी फेरी २०१५-१६ ची आणि पाचवी २०१९-२१ ची. या मधल्या काळात देशात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेलं. जन्मल्यापासून तासाभरात आईच्या अंगावर गेलेली बाळं मात्र ४१.६ वरून ४१.८ टक्के, म्हणजे जिथल्या तिथे. दहातली जवळपास नऊ बाळं डॉक्टर-नर्सच्या देखरेखीत जन्मतात आणि त्यांतली निम्म्याहून जास्त पहिल्या तासात आईच्या दुधाला मुकतात. याचं खापर खेड्यातल्या अडाणी सासूवर कसं फोडणार? ती त्या वेळी प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर बाकड्यावर बसलेली असते.

त्या तासात घडतं काय, हे ज्यांच्या घरी बाळंतपण झालंय त्यांना ठाऊक आहे. बाळ पुसतात, वजन करतात, दुपट्यात गुंडाळून नातेवाइकांना दाखवायला बाहेर आणतात. मोबाइल निघतात. घरातला मानाचा माणूस मधाचं बोट लावतो, कारण बोट लावणाऱ्याचा स्वभाव बाळ उचलतं म्हणे. (स्वभावाचं माहीत नाही. मधातून बॉट्युलिझमचे जंतू जाऊ शकतात म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, एवढं नक्की.) सिझेरियन असेल तर आई आत, बाळ बाहेर, मध्ये दोन-तीन तास. पाचव्या पाहणीत खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियन निघाली. आणि सिझेरियननंतर पाजता येत नाही, हा समज तर शिकल्यासवरल्या घरांतही पक्का बसलेला आहे. कमरेत भूल दिलेली आई शुद्धीवर असते. कुणी बाळ तिच्या छातीशी धरलं, तर टेबलावरून हलवल्याबरोबर पाजता येतं. ते धरणारं माणूस त्या वेळी कुणी नेमलेलं नसतं, एवढीच अडचण आहे. जन्मानंतरचा पहिला तासभर बाळ टक्क जागं असतं, ओढायला तयार असतं. नंतर ते गाढ झोपतं आणि घरचे म्हणतात, पीतच नाही.

चिकाबद्दल एक बोलू. गाय व्याली की चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटीने जातो, न मिळाल्यास लोक रुसतात. बाईचा चीक मात्र पिवळा, चिकट, म्हणून पिळून टाकायचा, असं अजूनही काही घरांत चालतं. तो थोडाच येतो हे खरं. पहिल्या दिवशी एकेका पाजण्याला चमचाभरसुद्धा नाही. पण नवजात बाळाची गरजही तेवढीच असते. त्या थेंबांत रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं ठासून भरलेली असतात, आणि त्याने बाळाची पहिली काळी शी लवकर सुटते. भरपूर, पांढरं दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं. म्हणजे ‘दूध येत नाही’ हा निकाल बहुतेक घरांत दूध उतरायच्या आदल्या दिवशी लागतो.

इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गोम पुढे आहे. अंगावरचं दूध मागणीप्रमाणे तयार होतं. बाळ ओढतं तेव्हा मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करवतं, ऑक्सिटोसिन ते वाहतं करतं. आपण ज्याला पान्हा फुटणं म्हणतो ते या दुसऱ्याचं काम. स्तन रिकामा झाला की पुन्हा भरतो, भरलेला राहिला की शरीर निर्मिती आवरती घेतं. आता तिसऱ्या दिवशी वाटीभर वरचं दूध पाजलं, तर बाळ चार तास झोपतं. घर निवांत होतं, सगळे म्हणतात, बघा, भुकेलंच होतं! त्या चार तासांत त्याने ओढलेलं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी दूध आणखी कमी, म्हणून डबा आणखी एकदा. आठ-पंधरा दिवसांत आईला खरोखरच दूध कमी पडतं. खोटा निकाल असा खरा होतो, आणि तो देणारी बाई म्हणते, मी म्हटलं नव्हतं? स्वतःला खरं करून दाखवण्याची ही ताकद दुसऱ्या कुठल्या गैरसमजात मला दिसलेली नाही. रात्रीचं पाजणं टाळून आईला ‘आराम’ देण्याचा प्रेमळ बेतही असाच उलटतो, कारण प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं.

मग पुरतंय की नाही ते ओळखायचं कसं? रडण्यावरून नाही. बाळं भुकेने रडतात तशी गरमीने, ओल्याने, पोटातल्या गुबाऱ्याने आणि नुसती कुशीत यायचंय म्हणूनही रडतात. संध्याकाळी दर अर्ध्या तासाला प्यायला मागणं हे कित्येक बाळांचं नेहमीचं वागणं आहे. स्तनाच्या आकाराचाही संबंध नाही, आणि पिळून वाटीत किती निघतं यावरूनही कळत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले होतात का, हे मोजावं. वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं, आणि पुढे महिन्याला निदान अर्धा किलो वाढतं. जुन्या आज्या दोरीवरचे लंगोट बघून अंदाज घेत. आता डायपर आले, आणि तो हिशेब कचऱ्यात जातो. वजनकाटा तर प्रत्येक अंगणवाडीत आहे. तोंडात नुसतं स्तनाग्र न जाता भोवतीचा काळा भागही गेला पाहिजे, बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलं पाहिजे, हे शेजारी बसून दाखवायला वीस मिनिटं लागतात. भेगा, कळा आणि ‘पीत नाही’ या तक्रारींतला मोठा भाग तेवढ्याने मिटतो. पण अख्खा वॉर्ड एका सिस्टरच्या अंगावर असेल तर ही वीस मिनिटं तिने आणायची कुठून? डबा लिहून द्यायला अर्धं मिनिट लागतं.

डब्याबद्दलचा कायदा फार कमी लोकांना माहीत आहे. १९९२ सालचा, २००३ साली आणखी कडक केलेला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दूध-पावडरीची, बाळआहाराची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला त्यात बंदी आहे. फुकट नमुने, भेटी, सवलती नाहीत. डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र नाही. कंपन्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू देणं, परिषदांचा खर्च उचलणं नाही. जगातल्या कडक कायद्यांपैकी तो एक गणला जातो. आणि तरी डब्याचं नाव आपल्या घरात येतं ते टीव्हीवरून नाही, दवाखान्याच्या कागदावरून. डॉक्टरने लिहिलेला कागद ही सर्वांत भरवशाची जाहिरात, आणि खान्देशातला माणूस डॉक्टरच्या अक्षरावर फार विश्वास ठेवतो. मी सगळ्या डॉक्टरांना एका माळेत ओवत नाही. आईला बसवून, समजावून, दोन दिवस थांबून बघणारे बालरोगतज्ज्ञ आपल्या तालुक्यांतही आहेत. त्यांना नातेवाईकच नावं ठेवतात, ‘काही लिहूनच देत नाहीत’ म्हणून.

आता शेताकडे येऊ. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो. त्या उन्हात तान्ह्या बाळाला पाणी पाजू नका असं सांगणारी नर्स लोकांना निर्दयी वाटते. आईच्या दुधात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. बाळ मागेल तेव्हा अंगावर घेतलं तर उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही. उलट पाण्याने पोट भरतं, दूध कमी ओढलं जातं आणि जुलाबाला वाट मिळते. पाणी आईला हवं. आणि नेमकं तिचंच पाणी काही घरांत सव्वा महिना तोलून दिलं जातं. वांगं नाही, हरभरा नाही, तिखट नाही. खान्देशी बाईचं वांगं काढून घेतल्यावर ताटात राहिलं काय? डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी हे सगळं उत्तम, त्यातून आईला बळ येतं. दूध मात्र ओढण्याने येतं.

उन्हातून आलेल्या बाईचं दूध ‘तापलेलं’ असतं, पहिल्या धारा पिळून टाकाव्यात, हाही एक समज. स्तनात दूध नासत नाही. तरीही या समजाकडे मी जरा आदराने बघते. ज्या घरात सून शेतातून आली की थेट चुलीपुढे जाते, तिथे ‘थोडं बस, तोंड धू, पाणी पी, मग घे पोराला’ असं म्हणायला कुणाला तरी निमित्त मिळत होतं. धारा टाकू नयेत. ते बसणं राहू द्यावं.

कापूस वेचणी किलोवर असते. पोर बांधावरच्या झोळीत, सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. पोर रडलं, आई उठून गेली, की तेवढा कापूस तिच्या ओटीतून कमी झाला. नंदुरबार, धुळे, चाळीसगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्यांचं तर आणखी अवघड. मुकादमाची उचल नवरा-बायको दोघांच्या नावावर फिटायची असते, आणि पहाटे फडात उतरलेल्या बाईला बाळ किती वेळा ओढतंय हे मोजायला सवड कुठली? १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने नोकरदार बाईला बाळ पंधरा महिन्यांचं होईतो पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. जळगावच्या बँकेतल्या बाईला याचा उपयोग आहे. यावलच्या केळीच्या बागेतल्या बाईला शून्य. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमण्याची तरतूद होती. अशी नेमलेली बाई बांधावर बघितलेले लोक शोधून सापडायचे नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि पाजत्या आईला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षातल्या योजनेत पहिल्या खेपेला पाच हजार मिळतात, दुसऱ्या खेपेला सहा हजार, तेही मुलगी झाली तरच. सहा महिने निव्वळ अंगावर पाजा, असं त्या बाईला सांगताना सहा महिन्यांची मजुरी कोण भरणार, हा प्रश्न व्याख्यानात कधी येत नाही.

आदिवासी पट्ट्यात अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं शिजवलेलं जेवण देणारी अमृत आहार योजना आहे. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर मला ती शंभर व्याख्यानांपेक्षा मोलाची वाटते. हडकुळ्या बाईला दूध येत नाही, हे चूक. कुपोषित आईलाही पुरेसं दूध येतं, फक्त शरीर ते तिच्या हाडामांसातून काढतं. तिला जेवू घालायचं ते तिच्यासाठी.

आता आमच्या बाजूच्या, म्हणजे स्तनपानाचा पुरस्कार करणाऱ्यांच्या चुका. ‘आईचं दूध म्हणजे अमृत, त्यात सगळं असतं’ हे फलकावर शोभतं, पण खरं नाही. त्यात ड जीवनसत्त्व फार कमी असतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब सांगतात. ते थेंब ‘वरचं’ म्हणून बंद करणारी घरं आहेत, आणि ती आमच्याच घोषणा ऐकून तसं करतात. ‘प्रत्येक आई पाजू शकते’ हेही खरं नाही. बाळंतपणात फार रक्त गेलेली, वारेचा तुकडा आत राहिलेली, थायरॉइडचा त्रास असलेली, स्तनांची शस्त्रक्रिया झालेली, किंवा जन्मतःच दूधग्रंथी कमी असलेली बाई कितीही पाजो, काही वेळा दूध खरंच अपुरं पडतं. अशा बायांची संख्या थोडी, पण त्यांच्या वाट्याला येणारी लाज थोडी नसते. त्यांच्यासाठी डबा हे औषध आहे आणि ते खाली मान न घालता घेता आलं पाहिजे. बाळ सुस्त पडत असेल, लघवी होत नसेल, वजन घटतच असेल, तर हट्ट धरून बसणं धोक्याचं. काचेच्या पेटीत ठेवलेल्या कमी दिवसांच्या बाळांसाठी तिसराही मार्ग आहे, दुसऱ्या मातांनी दिलेलं दूध. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. नणंद-भावजयींनी एकमेकींची पोरं पाजल्याच्या गोष्टी आपल्या घराघरांत आहेत. तपासून, पाश्चराइझ करून तेच करायला आपली माणसं नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

एक गोष्ट फलकांवर कधीच नसते. २०११ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतातली आकडेवारी तपासून दाखवलं, की मुलींचं अंगावरचं मुलांपेक्षा लवकर तुटतं. पाजणं चालू असेतो दिवस जाण्याची शक्यता कमी, आणि घराला पुढचा मुलगा हवा असतो, म्हणून. (पाजतेय तोवर दिवस जाणारच नाहीत, हा मात्र गैरसमज. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परतलेली नाही आणि दिवसरात्र निव्वळ अंगावरचंच दूध, या तिन्ही गोष्टी असतील तरच तो भरवसा धरता येतो.) त्याच वर्षीच्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. जन्माआधी जिची नको-नको झाली आणि तरी जी जन्मली, तिचं दूध किती महिन्यांनी आणि का तोडलं, याची नोंद कुणी ठेवत नाही. कडुनिंबाचा पाला वाटून स्तनाला लावला की आठवड्यात प्रश्न मिटतो.

सहा महिन्यांनंतरची कथा निराळी आणि तितकीच वाईट. तिथे दूध कमी पडणं खरं असतं आणि नेमकं तेव्हाच घर निर्धास्त होतं. उष्टावण धूमधडाक्यात होतं, दुसऱ्या दिवसापासून वरणाचं पाणी. पाण्यात ताकद नसते. घट्ट वरण, मऊ खिचडी, तूप, अंडं हवं. पाचव्या पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशात फक्त ११.३ टक्के निघाली.

माझी मागणी छोटी आहे. दवाखान्यातून घरी सोडताना जो कागद मिळतो, त्यावर तीन ओळी छापाव्यात: बाळ किती मिनिटांनी अंगावर घेतलं, दवाखान्यात वरचं दूध दिलं का, दिलं असल्यास कुठल्या कारणाने आणि कुणाच्या सांगण्यावरून. खासगी असो की सरकारी. आणि वर्षाची बेरीज दाराशी, दरपत्रकाच्या शेजारी लावावी. ऑगस्टमधल्या सतरंजीवर पुढच्या वर्षी सासवा, नवरे, मुकादम आणि नर्सिंग होमचे मालक बसवावेत. लेकुरवाळ्या घरी झोपू देत. नाव घालताना लोक खोलीचं भाडं विचारतात, सिझेरियनचं पॅकेज विचारतात. दाराशी आकडा लागलेला असेल तर तोही विचारतील, आणि एकदा गिऱ्हाईक विचारायला लागलं की सिस्टरसाठी वीस मिनिटं कशी काढायची ते मालकाला बरोबर सुचेल.